ससा पुन्हा त्याच कोपऱ्यात शू करतोय? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

महिनोन्महिने पेटीत शू करणारा ससा एक दिवस सोफ्यामागे बसतो. फरशी पुसली जाते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. मुंबईत सशाच्या घरी मला बोलावलं जातं ते बहुतेक वेळा याच कारणासाठी, आणि दार उघडता उघडताच ऐकायला मिळतं, "हा आता बिघडलाय."

ससा बिघडत नाही. शू कुठे करायची ही जागा तो ठरवतो आणि ती सहसा बदलत नाही. म्हणून तर त्याला पेटीची सवय लावता येते, आणि म्हणूनच एकदा चुकीची जागा ठरली की तो तिथेच परत जातो. तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवते याचं कारण मला तीनपैकी एक सापडतं: जुना वास गेलेला नाही, पेटी सशाच्या सोयीने ठेवलेली नाही, किंवा नसबंदी झालेली नाही. आजार हे चौथं कारण. ते क्वचित असतं, पण त्यात वेळ घालवून चालत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

लेंड्या आणि शू यांचा हिशोब वेगळा ठेवा. सुक्या, गोल, सुट्ट्या लेंड्या पेटीभोवती किंवा खोलीच्या कडेकडेने पडल्या असतील, तर तो "ही माझी हद्द" सांगतोय. नव्या घरात, नवा पाहुणा आल्यावर, दुसरा ससा आणल्यावर हे होतंच आणि बरंचसं आपोआप कमी होतं. चार-दोन लेंड्या बाहेर पडणं कायमच चालू राहील. झाडूने भरल्या की झालं, त्यांना वासही नसतो.

मऊ, चकचकीत, एकमेकींना चिकटलेल्या आणि उग्र वासाच्या लेंड्या वेगळ्या. त्या ससा एरवी थेट तोंड लावून खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. त्या जमिनीवर पडलेल्या दिसल्या तर प्रश्न पेटीचा नसून खाण्याचा आहे. गोळ्यांचं खाद्य, फळं, बिस्किटं जास्त होतायत आणि गवत कमी पडतंय. ससा जाडा असेल किंवा त्याची पाठ दुखत असेल, तरी त्याचं तोंड तिथवर पोहोचत नाही.

एकाच कोपऱ्यात मोठं थारोळं म्हणजे त्याने जागा निवडली आहे. भिंतीवर, टेबलाच्या पायावर, कधी तुमच्या पायांवर शिंतोडे म्हणजे खूण करणं, आणि त्यामागे बहुतेक वेळा हार्मोन्स असतात. पेटीच्या अगदी बाहेर, कडेला लागून ओल दिसली तर ससा पेटीतच बसतोय, फक्त शेपूट उचलल्यावर धार कडेवरून जातेय.

रंगाला घाबरू नका. सशाची शू फिकट पिवळी, नारिंगी, अगदी विटकरीसुद्धा असते. खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे हा फरक पडतो. थोडी गढूळ असणंही ठीक, कारण सशाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम शूवाटेच बाहेर टाकतं. सगळी शू एकसारखी लालसर असेल तर सहसा रंगद्रव्य. फिकट शूमध्ये लाल ठिपके, रेघा किंवा गाठी असतील तर रक्त समजा आणि हा लेख इथेच सोडून शेवटच्या भागाकडे जा.

पेटीची जागा: खर्च शून्य

लालबागच्या एका जुन्या इमारतीत ससा रोज दिवाणाच्या मागे जायचा. पेटी होती बंदिस्त बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

"काकू, पेटी इथे का ठेवलीत?"

"अहो, बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना दिसते. बरं दिसत नाही ते."

मशीन फिरायला लागलं की लादी थरथरायची. शिवाय बाल्कनीचं दार रात्री बंद. ससा सगळ्यात जास्त चालतो-फिरतो तो पहाटे आणि संध्याकाळी, आणि नेमकी पहाटे त्याच्या पेटीची वाट बंद असायची. आम्ही पेटी उचलून दिवाणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली, दुसरं काहीच केलं नाही. तक्रार संपली.

सशाने निवडलेल्या कोपऱ्यात पेटी न्या, हा माझा पहिला सल्ला असतो आणि लोकांना तोच सगळ्यात कमी पटतो. सशाला दोन बाजूंनी आडोसा हवा आणि समोरची खोली दिसायला हवी. तो कोपरा तुमच्या दृष्टीने अगदीच अडचणीचा असेल तर आधी पेटी तिथे ठेवा, तो नेमाने बसायला लागला की दर दोन-तीन दिवसांनी वीतभर सरकवत न्या. एका उडीत खोली बदलायला गेलात तर तो जुन्या कोपऱ्यात परत येईल. दोन कोपरे असतील तर दोन पेट्या ठेवा. तीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात हे जिवावर येतं, मला कळतं, पण दुसरी पेटी बहुधा काही आठवड्यांनी काढता येते.

पेटीचा आकार आणि आत काय घालायचं

पाळीव प्राण्यांच्या दुकानातली तिकोनी कोपरापेटी पूर्ण वाढलेल्या सशाला पुरत नाही. त्याचं तोंड आत मावतं, मागचा भाग बाहेर राहतो. ससा आत पूर्ण वळू शकला पाहिजे आणि पाय पसरून बसू शकला पाहिजे. प्लास्टिकच्या भांड्यांच्या दुकानातलं पसरट घमेलं किंवा चौकोनी टब स्वस्त पडतो आणि उत्तम चालतो. धार बाहेर जात असेल तर मागची आणि बाजूची कड उंच हवी, पुढची बुटकी. म्हाताऱ्या सशासाठी पुढची कड कापून घ्या आणि धारेवर सँडपेपर फिरवा, नाहीतर पोटाला लागेल.

तळाला वर्तमानपत्राचे जाड थर किंवा दाबलेल्या कागदाच्या गोळ्या घाला. मांजरांसाठी मिळणारी गोळा होणारी माती अजिबात नको. ससा ती चाटतो-चघळतो, आणि ओल लागल्यावर फुगणारी ती माती आतड्यात अडकू शकते. सशाला उलटी करता येत नाही, गेलं ते आतच राहतं. वखारीतला लाकडाचा भुसाही नको. पाइन आणि देवदारासारख्या लाकडाचा वास यकृताला आणि श्वासाला त्रास देतो, शिवाय कुठलं लाकूड, त्यावर काय फवारलंय, हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही.

वर गवत घाला, तेही पेटीच्या एका टोकाला भरपूर. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. गवताचं ताट आणि पेटी वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर तो गवताजवळच उरकून घेणार. हा एक बदल केल्याने निम्मी घरं सुधारतात असं माझं मत आहे. टिमोथी (सशांसाठी मिळणारं सुकं गवत) महाग वाटत असेल तर तबेल्यांना पुरवठा करणाऱ्यांकडचं चांगलं सुकं हिरवट गवत बघा, पण भाताचा पेंढा नको, त्यात पोषण फारसं नसतं. लसूणघास पूर्ण वाढलेल्या सशाला रोज देऊ नका. तिच्यात कॅल्शियम जास्त असतं आणि ते शेवटी मूत्राशयात साचतं.

पावसाळ्यात गवत बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं की आतून बुरशी धरते. हात घालून बघा. कोंदट वास आला किंवा धूळ उडाली तर फेकून द्या. जून ते सप्टेंबर पेटीतला कागद रोज बदला, कारण तो वाळतच नाही आणि अमोनिया साचतो. पेटीवर वाकल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर त्याच्या नाकाला किती होत असेल याचा विचार करा. बदलताना शूचा थोडा ओला कागद आणि मूठभर लेंड्या मुद्दाम परत ठेवा. पेटी घासून लख्ख आणि बिनवासाची केली तर त्याच्या दृष्टीने ती अनोळखी वस्तू होते.

वाटेतली फरशी

सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसती लव असते. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय सटकतात. पेटी खोलीच्या त्या टोकाला आणि मधे सहा फूट चकचकीत फरशी असेल, तर तो सतरंजीवरच थांबतो आणि तिथेच शू करतो. जुनी सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरून पेटीपर्यंत वाट करून द्या. पाचेक मिनिटांचं काम आहे.

साफसफाई, जिथे बहुतेकांचं घोडं अडतं

आपल्याकडे फरशी पुसायची म्हणजे बादलीत फिनाईल. त्याने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, पण शूचा वास झाकला जातो, जात नाही. सशाला तो येतच राहतो, आणि फिनाईलचा उग्र दर्प श्वासाला त्रासदायक ठरतो तो वेगळाच. अमोनिया असलेले क्लीनर तर उलटंच काम करतात, शूलाही तोच वास असतो. कोपऱ्यात डांबरगोळ्या किंवा तिखट टाकण्याचा सल्ला शेजारपाजारून येईल. डांबरगोळ्या सशासाठी विष आहेत, आणि तिखट नाका-डोळ्यांत जातं. दोन्ही नकोत.

सशाच्या शूमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वाळल्यावर जो पांढरा, खरखरीत थर राहतो तो हाच. साबणाने तो निघत नाही, आम्लाने विरघळतो. म्हणून किराणा दुकानातला साधा पांढरा व्हिनेगर तितक्याच पाण्यात मिसळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, मग पुसायचं. प्लास्टिकच्या पेटीवर आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे बेधडक करा.

पण तुमच्या घरात संगमरवर, कोटा, कडप्पा किंवा जुन्या इमारतींतल्या मोझॅकच्या लाद्या असतील तर व्हिनेगर लावू नका. संगमरवर, कोटा आणि कडप्पा हे मुळात त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आहेत आणि मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले असतात. जे आम्ल शूचा थर खातं तेच लादीची झळाळी खातं. चकाकी गेलेली, खडबडीत लादी मग शू आणखी शोषते आणि त्या जागी वास कायमचा बसतो. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत असे मळकट डाग मी पाहिले आहेत आणि ते पॉलिश केल्याशिवाय निघत नाहीत. अशा लादीवर शू ताजी असतानाच टिपून घ्या, सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि नंतर एन्झाइम क्लीनर, म्हणजे शूचा वास झाकण्याऐवजी मुळातून घालवणारं द्रावण, वापरा. वाळलेला थर प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडा.

एन्झाइम क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतो. स्वस्त नसतो, पण गादीसाठी आणि लादीच्या सांध्यांसाठी त्याला पर्याय नाही. बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतका तो ओला राहिला पाहिजे. लावून लगेच पुसला तर पैसे वाया. त्याआधी फिनाईल किंवा जंतुनाशक मारलेलं असेल तर ती जागा साध्या पाण्याने दोनदा धुऊन घ्या, नाहीतर एन्झाइम निकामी होतात.

गादीवर शू झाली तर घासू नका, दाबून टिपा. घासल्याने ती कापसात खोल उतरते. टिपल्यावर क्लीनर मुरवा, आणि गादी उभी करून पंख्याखाली पूर्ण वाळवा. ससा गादीवर जातो कारण ती मऊ आहे, शोषून घेते आणि तिला तुमचा वास आहे. ती वाळेपर्यंत आणि नंतरचे दोन-तीन आठवडे त्याला पलंगावर चढू देऊ नका. तेवढ्या काळासाठी वर प्लास्टिकची चादर अंथरली तरी चालते.

ब्लीच वापरायचंच असेल तर कधीच शूवर थेट ओतू नका आणि व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद खिडक्यांच्या छोट्या खोलीत तो माणसालाही घातक आहे.

सगळं पुसूनही ससा परत जात असेल तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चने खोली बघा. सुकलेली शू उजळते. दिवाणाच्या पायाच्या मागे, भिंतीच्या पट्टीवर, पडद्याच्या कडेला असे डाग हमखास सापडतात, जे उजेडात दिसलेच नव्हते.

एवढ्याने भागलं नाही तर मोकळीक कमी करा

पेटी, गवत, पाणी आणि बसायला जागा एवढंच मावेल असं कुंपण करा. लोखंडी जाळीच्या पट्ट्या जोडून होतं. त्यात तो सलग काही दिवस पेटी चुकला नाही की एका खोलीएवढी मोकळीक, मग हळूहळू पुढे. ही शिक्षा नाही. एकदम अख्खं घर मिळालं की पेटी कुठे आहे हे त्याच्या ध्यानात राहत नाही. रोज कुंपणाबाहेर फिरायला सोडाच, पण तुमचं लक्ष असताना. शेपूट उचलताना दिसला तर शांतपणे पेटीत न्या. ओरडू नका, नाक शूजवळ नेऊ नका. तो घाबरेल आणि लपून शू करायला शिकेल.

याच टप्प्यावर घरात काय बदललं तेही आठवून बघा. गणपतीत पाहुणे आणि ढोल, दिवाळीचे फटाके, नवं फर्निचर, खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसणारं मांजर. भेदरलेला ससा हद्दीच्या खुणा वाढवतो. कारण दूर झालं की बहुतेक वेळा पूर्ववत होतो.

नसबंदी

साधारण चार ते सहा महिन्यांचा झाला की ससा वयात येतो, छोट्या जातींत त्याआधीही. शिंतोडे, पायांभोवती घिरट्या, गुरगुर, सगळीकडे लेंड्या ही लक्षणं तेव्हाच सुरू झाली असतील तर घमेलं आणि व्हिनेगर यांनी थोडाच फरक पडेल. खरा उपाय नसबंदी, नर आणि मादी दोघांनाही. मादीच्या बाबतीत तर मी आग्रहच धरेन, कारण नसबंदी न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण मोठं आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच फरक दिसत नाही. हार्मोन्स ओसरायला चार ते सहा आठवडे जातात आणि तोवर नराला पिल्लं होऊ शकतात, म्हणून मादीपासून वेगळा ठेवा.

बाजारातून "दोन्ही माद्या" म्हणून आणलेली जोडी असेल तर आधी डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. ओळखण्यात गफलत सर्रास होते, आणि सशाचा गर्भकाळ एक महिन्याचाच.

डॉक्टर निवडताना दोन गोष्टी विचारा: तुम्ही सशांची शस्त्रक्रिया नेहमी करता का, आणि आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? दुसऱ्याचं उत्तर "हो, रात्रभर उपाशी" असेल तर दुसरा डॉक्टर शोधा. कुत्र्या-मांजरांना उलटी होऊ नये म्हणून उपाशी ठेवतात. सशाला उलटी होत नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहिलं तर आतडं थांबतं. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक देणार का, हेही विचारून ठेवा.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

पुढच्यापैकी काही दिसलं तर पेटी, गवत, क्लीनर यांचा विचार सोडा. शू करताना जोर लावतोय, थेंबथेंब येतेय, पाठ कुबडी करून बसलाय, दात कराकरा वाजवतोय. शूत रक्त, किंवा शू घट्ट पांढऱ्या पेस्टसारखी. मागचा भाग सतत ओला, कातडी लाल. मान एका बाजूला कललेली, मागचे पाय ओढतोय. पाणी अचानक खूप पितोय. वर्षानुवर्षं पेटी न चुकलेला म्हातारा ससा एकाएकी चुकायला लागलाय. यांत मूतखडा, मूत्राशयात साचलेला गाळ, संसर्ग, संधिवात, गर्भाशयाचा आजार असं काहीही असू शकतं आणि घरी ते ओळखता येत नाही.

दहा-बारा तास काही खाल्लं नसेल किंवा एकही लेंडी टाकली नसेल तर ती रात्रीचीसुद्धा तातडी आहे. पावसाळ्यात मागच्या ओल्या केसांत माशीची अंडी किंवा अळ्या दिसल्या तर तीही. शू अजिबात होत नसेल तर सकाळची वाट बघू नका.

घरात उरलेली अँटिबायोटिक्स देऊ नका. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

जवळपास सशांचे डॉक्टर माहीत नसतील तर परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाला फोन करून सशासाठी कोण आहे ते विचारा आणि मगच निघा. जाताना रिकाम्या, धुतलेल्या पेटीत झालेली शू स्वच्छ बाटलीत घ्या, लेंड्यांचा फोटो काढा, आणि काय खातो, कधीपासून त्रास आहे ते कागदावर लिहून न्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी नेऊ नका. नाइलाज असेल तर एसी टॅक्सी करा, तिशीच्या पुढचं तापमान सशाला सोसत नाही. पिंजऱ्यात गवताची जुडी नक्की ठेवा, रांगेत तास-दोन तास गेले तरी त्याचं खाणं चालू राहील.